बाटली कोणी तपासायची?

२०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून, मुख्यतः परासिया भागातून, लहान मुलं एकामागून एक नागपुरात दाखल होऊ लागली. आधी सर्दी, ताप, खोकला, मग उलट्या, मग लघवी बंद. कोळशाच्या खाणींच्या त्या पट्ट्यातून मोठ्या दुखण्यासाठी नागपूर गाठायची रीत जुनी आहे. शासकीय मेडिकल, मिहानमधलं एम्स, खासगी रुग्णालयं, जिथे खाट मिळेल तिथे आईबाप लेकरांना घेऊन आले. त्यांतली बरीच लेकरं परत गेली नाहीत. एकूण वीसहून अधिक मुलं दगावली, बहुतेक पाच वर्षांखालची. कारण सापडलं ते कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधात. तामिळनाडूत कांचीपुरमजवळच्या स्रेसन फार्मास्युटिकल या कारखान्यातल्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघालं. औषधात ०.१ टक्क्यापलीकडे ते चालत नाही.

मुलांना जपायचं कोणी, हा प्रश्न तेव्हापासून नागपूरच्या घराघरांत बोलला गेला. इथे तो दोघांमध्ये आहे. मावशी मुलांच्या वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेली सिस्टर. भाचा मेडिकल चौकाजवळ औषधाचं दुकान चालवतो आणि तीन वर्षांच्या मुलीचा बाप आहे.

भाचा : मावशी, तू वस्तीत बायांना जमवून सांगतेस, सिरप देऊ नका, लेबल बघा, जपा. मला ते पटत नाही. लेबलवर काय होतं? पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन. डायइथिलीन ग्लायकॉल कोणी छापत नसतं. परासियाच्या आईनं ती बाटली शंभर वेळा पाहिली असती तरी तिला काय कळणार होतं?

मावशी : काही नाही. ते मी नाकारतच नाही. पण त्याच औषधांबद्दल एक सूचना आधीपासून होती. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, असं वेष्टनावर छापा, हे केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं होतं. त्या बाटलीत विषाचा थेंब नसता तरी ती त्या वयाच्या पोट्ट्यांसाठी नव्हतीच. माझं म्हणणं तिथून सुरू होतं.

भाचा : म्हणजे फिरून आईवरच आलं.

मावशी : आईवर नाही, सवयीवर. खोकला आला की बाटली आणायची, हे आईनं एकटीनं नाही ठरवलं. डॉक्टरनं लिहिलं, दुकानदारानं दिलं, सासूनं 'दोन चमचे पाज' म्हटलं, आणि टीव्हीनं रोज जाहिरात दाखवली. आपण सगळ्यांनी मिळून तिला ते शिकवलं.

भाचा : डॉक्टरनं लिहिलं तर दुकानदार देणारच. सीलबंद बाटली, बिल बरोबर, परवाना बरोबर, मुदत २०२७ पर्यंतची. आता काही औषधांवर क्यूआर कोड असतो. तो सांगतो बाटली कोणत्या कंपनीची, कोणत्या बॅचची. आत काय ओतलं ते तो सांगत नाही. मी फार्मसी शिकलोय, तरी माझ्या नाकाला आणि जिभेला ते विष ओळखू येणार नाही. रंग नाही, वास नाही, वर गोड.

मावशी : हेच बायांना नीट समजावून सांग. मला आजवर कोणी सोप्या शब्दांत सांगितलं नाही, हे विष औषधात येतं कुठून?

भाचा : सिरपमध्ये औषध विरघळून राहायला हवं. त्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल नाही तर ग्लिसरीन घालतात. औषधासाठी वापरायचं ते शुद्ध असतं आणि महाग असतं. डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला तसंच, भावानं स्वस्त, पण ते ब्रेक ऑइल, शाई, रंग अशा कारखान्यांच्या कामाचं. कुठे व्यापारी भेसळ करतो, कुठे कारखानदार औषधाच्या दर्जाचा नसलेला माल उचलतो आणि पिंप न तपासताच वापरतो. पोटात गेलं की यकृत त्याचं आम्ल करतं आणि ते आम्ल किडनीच्या पेशी मारतं. म्हणून लघवी थांबते. दहा-बारा किलोच्या लेकराला किती पुरणार ते?

मावशी : आणि वॉर्डात आम्हाला दिसते ती फक्त थांबलेली लघवी. त्या मुलांच्या बाबतीत सुरुवातीला पाण्यावर संशय गेला, उंदरांवर, डासांवर गेला. त्या तपासण्या झाल्या. मग किडनीचा तुकडा काढून पाहिला, तेव्हा आजार संसर्गाचा नाही, विषबाधेचा आहे, हे दिसलं. मग प्रत्येकाला काय काय पाजलं याची विचारपूस झाली. लक्षात ठेव, सगळ्या शोधाचं पहिलं टोक लघवी हेच होतं.

भाचा : तेच तर म्हणतोय मी. हे कोडं दवाखान्यात सुटलं, प्रयोगशाळेत सुटलं. घरात सुटणार नव्हतं. मध्य प्रदेशानं ऑक्टोबरच्या सुरुवातीला पत्र पाठवल्यावर तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागानं नमुने घेतले आणि दोन दिवसांत निकाल दिला. दोन दिवसांत, मावशी! म्हणजे तपासणी अवघड नाही. बाटली कारखान्यातून निघण्याआधीच हे झालं असतं तर? त्या कारखान्याची पाहणी केली तेव्हा साडेतीनशेहून जास्त त्रुटी निघाल्या. त्या काय एका आठवड्यात तयार झाल्या होत्या?

मावशी : नाही. आणि हे पहिल्यांदाही झालेलं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण गेले. त्यातही हेच विष होतं. न्यायमूर्ती लेन्टिन यांचा आयोग बसला. रुग्णालयाची खरेदी आणि अन्न व औषध प्रशासन, दोन्हीकडची कीड त्यांनी उघडी केली. आम्ही सिस्टर लोक तो अहवाल पेपरात वाचायचो. आम्हाला वाटलं होतं, आता महाराष्ट्रात काय, देशात हे परत होणार नाही.

भाचा : परत झालं. १९९८ मध्ये गुरगावात, मग २०२० च्या सुमाराला जम्मूच्या रामनगरात. २०२२ मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास मुलं गेली आणि तिथे भारतात बनलेल्या सिरपवर बोट ठेवलं गेलं. आता माझं सगळ्यात मोठं दुखणं ऐक. गांबियानंतर आपल्या सरकारनं नियम केला : १ जून २०२३ पासून परदेशी जाणारं खोकल्याचं सिरप सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय देशाबाहेर पाठवायचं नाही. चांगला नियम आहे. पण तो बंदरावरच्या बाटलीला. परासियाच्या, कामठीच्या, काटोलच्या बाटलीला तसा कागद लागत नव्हता. बाहेरच्या मुलासाठी तपासणी, घरच्या मुलासाठी विश्वास. आणि तू त्या आईला म्हणतेस, तूच जप.

मावशी : (थोडं थांबून) याला माझ्याजवळ उत्तर नाही. हे चूकच आहे. अमेरिकेत १९३७ मध्ये याच विषानं शंभरावर माणसं मेली, त्यांत लहान मुलंही होती, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा बदलला : आधी सुरक्षित आहे हे दाखवा, मग विका. आपल्याकडे प्रत्येक वेळी चौकशी होते, अटक होते, आणि पुढच्या मृत्यूपर्यंत सगळं शांत होतं.

भाचा : अटकेचंही बघ. कारखान्याचा मालक पकडला, ते ठीक. लिहून देणारा डॉक्टरही पकडला. डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला, की बाटलीत विष आहे हे डॉक्टरला कसं कळणार? मला त्यांचं पटतं.

मावशी : मला अर्धंच पटतं. विष डॉक्टरला कळणार नव्हतं, खरं आहे. पण लेकराचं वय तर कळत होतं! तो खटला न्यायालय बघेल, मी एका माणसावर बोलत नाही. सगळ्या डॉक्टरांबद्दल बोलते. दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीचं सिरप देऊच नका, पाच वर्षांखाली सहसा नको, हे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ३ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा लिहून कळवलं. पुन्हा म्हणते, कारण मुलांचे डॉक्टर हे कितीतरी वर्षांपासून जाणतात. साधी सर्दी विषाणूची असते, आपोआप बरी होते. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. सिरपानं तो लवकर जातो असा पुरावा नाही. उलट गुंगी येते, छाती धडधडते. आणि एक गोष्ट कोणी सांगतच नाही. या मिश्रणांत पॅरासिटामॉल असतं. तापाची बाटली वेगळी, खोकल्याची वेगळी, आई दोन्ही पाजते आणि लेकराला दुप्पट पॅरासिटामॉल जातं.

भाचा : हे मात्र रोज बघतो. तापाची बाटलीही एका ताकदीची नसते. पाच मिलिलिटरमध्ये कुठे १२० मिलिग्रॅम, कुठे २५०, थेंबांच्या बाटलीत त्याहून किती तरी दाट. घरी बाटली बदलते, चमचा तोच राहतो.

मावशी : आणि चमचा पोह्याचा! मापाचं झाकण कपाटात पडून असतं. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. हे सांगायला कोणत्या प्रयोगशाळेची गरज आहे, सांग.

भाचा : ठीक. पण तू त्या बाईच्या जागी उभी राहून बघ. नवरा एमआयडीसीत रात्रपाळीला. सकाळी सहाला तिला स्वयंपाकाच्या कामावर जायचं. लेकरू रात्री दोनला खोकून खोकून ओकतं. घरमालक भिंत ठोकतो. ती माझ्या दुकानात येते आणि म्हणते, 'भाऊ, काहीतरी द्या, रात्री झोपलं पाहिजे.' मी काय तिला विषाणूवर भाषण देऊ? मी नाही दिलं तर पुढच्या चौकातला देईल.

मावशी : भाषण नको. पण ती रिकाम्या हाती जाऊ नये हे तुझं म्हणणं बरोबर आहे. तिला द्यायला माझ्याकडे पुष्कळ आहे. मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब दे. ते तुझ्याच दुकानात मिळतात. झोपण्याआधी नाक मोकळं झालं की अर्धा खोकला कमी. लेकरू एक वर्षावरचं असेल तर झोपताना अर्धा-एक चमचा मध. एक वर्षाखाली मध अजिबात नाही, त्यातून दुर्मीळ पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते. कोमट पाणी, वरणाचं पाणी, अंगावरचं दूध थोडं थोडं, वारंवार. खोलीत धूप, अगरबत्ती, मच्छर कॉइल, बिडी, सगळं बंद. वाफेचं भांडं लेकराजवळ आणू नका, भाजलेली मुलं मी फार पाहिली. कापराची पुरचुंडी उशाशी ठेवतात, तीही काढा. लेकरानं कापूर चघळला तर झटके येतात.

भाचा : आणि खोकला साधा नसेल तर? न्यूमोनिया असेल तर? तुझ्या मधाच्या चमच्यात दोन दिवस गेले तर?

मावशी : म्हणून तर मी बायांना जमवते. मी त्यांना खोकला मोजायला सांगत नाही, श्वास मोजायला सांगते. लेकरू शांत असताना, पोटावरचा कपडा वर करून, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि श्वास ६० किंवा जास्त झाला, दोन महिने ते एक वर्षात ५०, एक ते पाच वर्षांत ४०, की थांबायचं नाही. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, हे बघायचं. दूध-पाणी पीत नाही, सारखं ओकतं, सुस्त पडतं, ओठ निळसर दिसतात, झटके येतात : यांतलं एक जरी असेल तरी रात्र असो की पहाट, दवाखाना. आणि शेवटचं, परासियानं शिकवलेलं. लघवी. आठ तासांत लेकराची लघवी झाली नाही, तर डॉक्टरला तेच पहिलं वाक्य सांगायचं. ताप किती होता हे नंतर. आणि जे जे पाजलं त्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्यायच्या. रिकाम्यासुद्धा.

भाचा : रिकाम्या बाटल्या न्यायचं हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

मावशी : बाटलीच्या तळाशी उरलेला थेंबच पुढे नमुना होतो. ती आई अडाणी असो की शिकलेली, इतकं ती नक्की करू शकते. मला सांग, यात मी तिच्यावर सरकारचं ओझं टाकलं का?

भाचा : नाही. हे वेगळं आहे. तू तिला लेकरू बघायला शिकवून राहिली. मला वाटलं होतं, तू तिला बाटली तपासायला लावतेस.

मावशी : लेकराला तिच्याइतकं कोणी ओळखत नाही. आणि बाटली तिच्याइतकी कोणाला अनोळखी नाही. तिला तिच्या कामात पक्कं करायचं, आणि बाटलीचं काम ज्याचं त्याच्याकडून करून घ्यायचं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं तू धरून बसला होतास.

भाचा : आड येतात, मावशी, असं नको समजू की येत नाहीत. 'पालकांनी काळजी घ्यावी' अशी सूचना निघाली की वरचे सगळे मोकळे होतात. म्हणून मी चिडतो. औषध निरीक्षक थोडे, दुकानं आणि कारखाने ढीगभर. कारखान्यांसाठी सुधारित नियम २०२४ च्या सुरुवातीला जाहीर झाले, पण लहान कारखान्यांना मुदत मिळाली, ती २०२५ च्या अखेरपर्यंत ताणली. मुलं त्याच मुदतीत गेली. शिवाय हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावात खोकल्याचं सिरप परवान्याशिवाय विकता येईल, अशी सवलत आपल्या नियमांत वर्षानुवर्षं होती. आईला दोष देण्याआधी हे सगळं मोजा.

मावशी : मोजते. आता तुझ्या दुकानाचं मोजू. मोठी मुलं येतात ना, सोळा-सतरा वर्षांची, कोडीनचं सिरप मागायला?

भाचा : येतात. क्लासच्या मधल्या वेळात येतात, नशेसाठी. चिठ्ठी असल्याशिवाय देत नाही. कोडीन एच-१ या यादीत आहे. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं सांभाळावं लागतं.

मावशी : म्हणजे सतरा वर्षांच्या पोट्ट्यासाठी रजिस्टर आहे, आणि तू ते पाळतोस. मग दोन वर्षांच्या लेकरासाठी तुला कायद्याची वाट कशाला बघायची? वही तुझीच, पेन तुझाच. लहान मुलाचं कोणतंही सिरप गेलं की बॅच नंबर आणि घेणाऱ्याचा फोन लिहून ठेव. उद्या एखादी बॅच खराब निघाली, तर पेपरात सूचना येण्याची वाट न बघता तू संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरी फोन करू शकशील. एसआर-१३ वापरू नका, असं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं सांगितलं तेव्हा ती बाटली कोणाच्या फडताळात आहे, हे सांगणारा कागद किती दुकानांत होता?

भाचा : बिलावर बॅच असते, पण लहान बिल कोणी घेत नाही. आणि घेणाऱ्याचा फोन बिलावर नसतोच. वही ठेवायला पाहिजे. ठेवतो.

मावशी : आणि चिठ्ठी?

भाचा : पाच वर्षांखालच्या मुलाला चिठ्ठीशिवाय खोकल्याचं सिरप नाही. तसा कागद काउंटरवर लावतो, त्यावर प्रशासनाचा तक्रारीचा टोल-फ्री नंबरही, १८००२२२३६५. नाकाचे थेंब समोर मांडतो. तुझे ते श्वासाचे आकडे मला मोठ्या अक्षरांत लिहून दे, तेही लावतो. पण तुलाही एक करावं लागेल.

मावशी : सांग.

भाचा : तुझ्या बायांच्या सभेत शेवटी एक अर्ज ठेव. खाली सगळ्यांच्या सह्या घे. आमदाराला दे, पालकमंत्र्यांना दे, अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात दे. मागणी एकच : परदेशी जाणाऱ्या सिरपाच्या बॅचला जो तपासणीचा कागद लागतो, तोच आमच्या मुलांच्या प्रत्येक बॅचला लागला पाहिजे, आणि तो कोणालाही बघता आला पाहिजे. नुसतं 'जपा' सांगून बायांना घरी पाठवू नको.

मावशी : देते. पहिली सही माझी. चाळीस वर्षांपूर्वी जे. जे. नंतरच ही मागणी दारोदार न्यायला हवी होती, आता तरी नेऊ. पण मला एक सांग, समज उद्या नियम झाला, प्रत्येक बॅचला कागद आला, बाटली शंभर टक्के शुद्ध निघाली. मग तुझ्या तीन वर्षांच्या पोरीला खोकल्यावर सिरप देशील?

भाचा : नाही.

मावशी : का?

भाचा : कारण शुद्ध असलं तरी तिला त्याचा उपयोग नाही. मी तिचा श्वास मोजीन, नाकात थेंब घालीन, मध देईन, आणि तिची लघवी झाली का ते बघीन.

मावशी : बस. आणि तो कागद तरीही हवाच. कारण उद्या तिला खरोखर लागणारं औषध, तापाचं असो की झटक्याचं, बाटलीतूनच येईल. त्या दिवशी तिच्या आईनं डोळे मिटून झाकण उघडलं तरी तिला धोका नसावा, एवढी हमी या देशानं प्रत्येक आईला द्यायलाच पाहिजे.